उस्मानभाई, तुझा पाळणा आणि माझी पाटी

उस्मानभाई,

तुझ्या मातीहून आल्यापासून रोज दुकान उघडतोय, पण एक अक्षर रंगवून झालेलं नाही. एका ट्रकची नंबरपाटी दाराशी टेकून उभी आहे. ड्रायव्हर येतो, माझं तोंड बघतो आणि समोर चहाला निघून जातो. आज मात्र त्यानं विचारलं, "पेंटर, कोण होता तो तुमचा?" मला सांगता येईना. भाऊ म्हणावं तर आपल्या जातीपाती सोड, आपलं एकाही गोष्टीवर कधी जमलं नाही. दोस्त म्हणावं तर पहिल्याच भेटीत चारचौघांसमोर मला अडवणारा तू. शेवटी मी म्हणालो, "त्याचा जत्रेत पाळणा होता." ड्रायव्हरनं मान हलवली. त्याला काय समजलं कुणास ठाऊक.

ती पहिली भेट तुला माझ्या तोंडून ऐकायला कधी आवडली नाही. लोकांना मी सांगायला लागलो की तू उठून पाळण्याच्या इंजिनापाशी जायचास. आता उठून जाणार नाहीस, म्हणून सांगतो.

भोसरीची जत्रा होती. आमच्या शिवारात कंपन्यांचे पत्रे नुकते दिसायला लागले होते. आमचं रान त्यात गेलं, थोरल्या भावाला कंपनीत घेतलं, आणि माझ्या कुबड्या बघून मला फाटकावरूनच परत पाठवलं. लहानपणी ताप आला आणि माझे दोन्ही पाय गेले, ते काही परत येणार नव्हते. अक्षर चांगलं होतं म्हणून पिंपरीच्या कॅम्पात एका पेंटरच्या हाताखाली बसलो, पाट्या रंगवायला शिकलो, चार पैसे हातात खेळायला लागले. त्याआधी जत्रेला मला आईनं कडेवर नेलं होतं, भावानं पाठीवर नेलं होतं. त्या वर्षी मी माझा मी गेलो. आई दारातून ओरडत होती, "गर्दीत जाऊ नगं रं बाबा, कुनी ढकलून देईल." मी ऐकलं नाही.

तुझा पाळणा तेव्हा नवा होता. बाकीच्यांचे लाकडी, माणसांनी ढकलायचे. तुझा लोखंडी, कारखान्यांच्या भंगारातल्या अँगलचा, तू स्वतः जोडलेला, बसायला पत्र्याच्या पेट्या, आणि त्याला ऑइल इंजिन लावलेलं. तिकीट काढून मी रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आली तसा तू हात आडवा केलास.

"तुम्ही नका बसू."

"का? तिकीट आहे माझ्याकडं."

"तिकिटाचं नाय बोलत. पायात जोर नाय तुमच्या. पेटी वरनं खाली येती ना, तवा माणूस पुढं सरकतो. पाय टेकवून अडवायला लागतं."

"हातानं धरीन मी. माझे हात बघा."

"हात घाबरला की सुटतो, साहेब."

मागून कुणीतरी ओरडलं, "अय लंगड्या, हो की बाजूला, खोळंबा करतोय." तू रांगेत शिरलास, त्या माणसाचं मनगट धरलंस आणि त्याला बाहेर काढलंस. "तुलाबी नाय बसवणार," म्हणालास. "ह्यांना पायामुळं नाय. तुला तोंडामुळं नाय." लोक हसले. मी हसलो नाही. त्याला हाकललास म्हणून तुझे आभार मानावेत की मला अडवलंस म्हणून शिव्या द्याव्यात, हे मला कळेना. खरं सांगू का, ते मला अजून कळलेलं नाही.

मी घरी गेलो नाही. पाळण्यासमोर दगडावर बसून राहिलो. एक खेप संपली की तू माझ्याकडं बघायचास, मी तुझ्याकडं. गर्दी ओसरल्यावर तू दोन चहा घेऊन आलास आणि शेजारी बसलास. त्या चहावरच आपलं भांडण सुरू झालं, आणि त्यातच आपण 'तुम्ही'वरून 'तू'वर आलो.

मग तू दुकानावर यायला लागलास. तुझं वर्कशॉप जवळच होतं. जत्रांचे दिवस सोडले तर तू ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे आणि ट्रॉल्या जोडत असायचास. दुपारी डबा घेऊन यायचास, माझ्या रंगाच्या डब्यांमध्ये पेपर पसरायचास. भाभीनं दिलेलं खिम्याचं कालवण मी खायचो, माझ्या आईचा ठेचा तू खायचास आणि नाक पुसत म्हणायचास, "तुझ्या आईला सांग, एकदम पोलिसी आहे ठेचा, रडवूनच सोडतो." आणि मग विषय फिरून तिथंच यायचा.

"तू माझे पाय बघून नियम केलास," मी म्हणायचो. "मला विचारलं नाहीस."

"मी पाय बघत नाय. मी पाळणा बघतो."

"तुझ्या पाळण्यात दारू पिऊन बसतात. त्यांना बसवतोस."

"त्यांना पाय असतात, पेंटर."

यावर मी ब्रश फेकायचो आणि तू तो उचलून घासलेटमध्ये बुडवून ठेवायचास, वाळून खराब होऊ नये म्हणून.

एका ईदला तुझ्या घरी शीरखुर्मा खाताना तू ती गोष्ट सांगितलीस. जैनबभाभी आत होती. तू वाटीत चमचा फिरवत बसला होतास. लग्नाआधी तू घाटाखाली कुणाच्या तरी लाकडी पाळण्यावर कामाला होतास. तिथं एक फौजी आला, लढाईत हात गमावलेला, एका हाताचा. "बसव रे," म्हणाला. हसऱ्या तोंडाचा होता, तू म्हणालास. तू त्याला स्वतः हात देऊन पेटीत बसवलंस. पाळणा वरून खाली येताना तो पुढं सरकला. बाकीच्यांनी दोन हातांनी दांडी धरली, त्याच्याकडं एकच हात होता, आणि तो शेजारच्या बाईला सावरायला गेला.

"मी खालीच होतो," तू म्हणालास. "झेलायला हात पुढं केले. पण माणूस झेलता येत नाय, पेंटर."

मी वाटी खाली ठेवली. म्हणालो, "भाई, तो पाळणा वाईट होता. माणूस नव्हता वाईट."

"म्हंजे?"

"म्हणजे पाळणा बदल."

तू चिडलास. लोखंड काय मातीचं असतं का, म्हणालास, अक्षरं काढणाऱ्याला काय कळतं, म्हणालास. नंतर बरेच दिवस डबा घेऊन आला नाहीस. मला वाटलं, संपलं. आणि एका दुपारी तू शिंप्याची टेप गळ्यात घालून दारात उभा. "सरळ बस," म्हणालास. "कंबर मोजायचीय."

तू केलेली ती पेटी मला आजही डोळे मिटून रंगवता येईल. बाकीच्यांपेक्षा खोल, पाठीला उंच फळी, पुढं पायाच्या जागी वर चढत गेलेला पत्रा, म्हणजे माणूस सरकला तरी अडेल. ट्रकच्या ताडपत्रीचे जाड पट्टे, ते छातीवरून बांधायचे. दांडीला दुहेरी खीळ. तू त्यात आधी वाळूची पोती फिरवलीस. मग एक दिवस वर्कशॉपमागच्या मोकळ्या जागेत पाळणा उभा केलास, तुझ्या पोराला, सलीमला, इंजिनापाशी बसवलंस, आणि सुतळीनं स्वतःचे दोन्ही पाय घोट्यापासून मांडीपर्यंत आवळून बांधलेस.

जैनबभाभी घरातून धावत आली. "या अल्ला! चांगले पाय असून बांधून घेतोय हा माणूस! पेंटरभाई, तुम्ही तरी सांगा ह्याला!"

मीच ते घडवून आणलं होतं. तू उड्या मारत पेटीपर्यंत गेलास, सलीमनं तुला आत ढकललं आणि पाळणा सुरू झाला. खाली आलास तेव्हा तुझ्या तोंडावर रंग नव्हता. पाय सोडायच्या आधी तू मला म्हणालास, "पाय नसले ना, तर सगळी भीती कमरेत येऊन बसती. मला ठाऊक नव्हतं." आणि दुसऱ्या दिवशी कमरेला आणखी एक पट्टा लावलास.

आपल्या इतक्या वर्षांत मला सगळ्यात जास्त काय मिळालं असं कुणी विचारलं तर मी ती सुतळी सांगेन. माझ्यावर दया करणारे खूप भेटले. माझ्यासाठी पाय बांधून घेणारा एकच.

त्या वर्षी जत्रेत दुपारी, गर्दी व्हायच्या आधी, तू मला बसवलंस. इंजिनावर तू स्वतः होतास, सलीमला हात लावू दिला नाहीस. पेटी वर गेली. मला दिघीचा डोंगर दिसला, लष्कराचं मोकळं रान दिसलं. आमचं शेत कुठं होतं ते मी शोधत होतो. बांधावरचा लिंब दिसला, आणि त्याच्या पलीकडं नुसते पत्रे, चकाकणारे. आणि मग पेटी खाली यायला लागली आणि मी डोळे मिटून आईला हाक मारली. हात खरंच सुटले, उस्मानभाई. तू म्हणायचास तसेच सुटले. पट्ट्यांनी धरलं मला.

तू धावत आलास. "कसं वाटलं?"

"घाबरलो."

"मी म्हणलो नव्हतो?"

"अजून एकदा," मी म्हणालो.

तू असा हसलास की तुझी टोपी पडली.

त्यानंतरची थोडी वर्षं चांगली गेली. चांगली म्हणजे आपण भांडत होतो, पण काम होत होतं. कंपनीत प्रेसखाली हात गेलेला एक पोरगा यायचा, त्याला तू मुद्दाम दोन खेपा द्यायचास. चाकणच्या बाजारात एक आंधळे आजोबा आले होते, आठवतं? दर वेळी पेटी वर गेली की ओरडून विचारायचे, "आता वर हाय का मी?" आणि खालून सगळी रांग ओरडायची, "वर हाय, आजोबा, वर हाय!" पट्टे बांधायला वेळ लागायचा, रांगेतले कुरकुरायचे, तू कुणाला मोजायचा नाहीस.

पण सगळ्यांना तू हो म्हणाला नाहीस. एक बाई आली होती, वयात आलेल्या मुलीला पाठीवर घेऊन. मुलीची मान ठरत नव्हती, अंग सैल. तू तिला पेटीत बसवून बघितलंस, पट्टे लावलेस, ते पुन्हा काढलेस. मान हलवलीस. बाई म्हणाली, "दादा, लांबनं आलोय वो." तू हात जोडलेस. ती मुलगी आईच्या पाठीवरून मागं बघत गेली. त्या दिवशी मी तुला सोडलं नाही. कुणाला हो आणि कुणाला नाही हे ठरवणारा तू कोण, म्हणालो. तू म्हणालास, "मग कोण ठरवणार? तू ठरव. ये, इंजिनावर बस. तू हो म्हण, मी फिरवतो." मी इंजिनाकडं बघितलं आणि जागचा हललो नाही. तू त्या दिवशी जेवला नाहीस. मीही नाही. त्या मुलीला बसवायला हवं होतं की नको होतं, आपलं कधीच ठरलं नाही. आता कुणाशी ठरवू?

मग दुसऱ्याच कुठल्या तरी जत्रेत, दुसऱ्याच कुणाचा पाळणा मोडला. माणसं पडली. वरून हुकूम निघाला आणि तो खाली येईपर्यंत आणखी कडक झाला. भोसरीच्या पंचांनी सगळ्या पाळणेवाल्यांना बोलावलं. तू मला बरोबर नेलंस, बोलायला लागलं तर बोलायला. खुर्चीवर एक साहेब होता, कुठल्या खात्याचा ते त्यानं सांगितलं नाही. त्यानं कागद वाचला. अपंग, आंधळे, वेडसर, गरोदर बायका आणि दारू प्यालेले, यांना बसवायचं नाही. तशी पाटी लावायची, नाहीतर परवाना नाही.

तू उठून उभा राहिलास. "साहेब, तिथं पडले ते सगळे धडधाकट होते. खीळ तुटून पडले."

"म्हणूनच," साहेब म्हणाला. "धडधाकट पडतात, तर हे किती पडतील?"

"साहेब, मी त्यांच्यासाठी वेगळी पेटी केलीय. येऊन बघा. ह्यांना विचारा, हे बसलेत त्यात."

साहेबानं माझ्या कुबड्यांकडं बघितलं, माझ्याकडं नाही. "त्यांच्याच भल्यासाठी आहे हे," म्हणाला आणि पुढच्या माणसाला बोलावलं. पेटी बघायला कुणी आलं नाही. पंचांपैकी एक जण बाहेर येऊन तुला म्हणाला, "उस्मान, आमाला कळतंय रं. पन आमी तरी काय करनार?" आणि खरंच, तो तरी काय करणार होता?

दुसऱ्या दिवशी तू पांढरा रंग मारलेला पत्रा घेऊन दुकानात आलास. भिंतीला टेकवून ठेवलास.

"दुसऱ्याकडं टाकला असता," म्हणालास, "पण मग तुझ्यापासनं लपवल्यासारखं झालं असतं."

"काय लिहायचं?"

"तुला माहीत हाय."

"नाही. गिऱ्हाइकानं सांगायचं असतं."

तू एकेक शब्द सांगितलास. पहिलाच शब्द तुझ्या तोंडून निघेना. तू रस्त्याकडं तोंड केलंस आणि मग म्हणालास. मी विचारलं, "लाल की काळा?" तू म्हणालास, "लाल लिहा म्हणालेत." मी पत्रा जमिनीवर आडवा घेतला, दोरी मारून रेघा आखल्या आणि लिहायला बसलो. अक्षरं अशी उतरली की काय सांगू. माझ्या हातून निघालेली ती सगळ्यात देखणी पाटी असेल. पुढं कितीतरी पाळणेवाले ती बघून माझ्याकडं आले, आम्हालाही तशीच करून द्या म्हणून. मी करून दिली. पोट होतं. तुलाही पोट होतं. तू तुझ्या पोटासाठी लावलीस, मी माझ्या पोटासाठी रंगवली, आणि दोघांनाही नाही म्हणायची ताकद नव्हती.

पट्ट्यांची ती पेटी तू भंगारात घातली नाहीस. घरामागं नेऊन ठेवलीस, भाभीनं त्यात कोंबड्या पाळल्या.

एकदा, बऱ्याच वर्षांनी, मी तुला म्हणालो, "एक खेप बसव. पंच जेवायला गेलेत."

"नाय."

"कोण बघतंय?"

"पाटी हाय."

"मी लिहिलीय ती."

"मी लावलीय," तू म्हणालास. आणि मग हळूच म्हणालास, "आता मला पट्टे बांधायची सवय राहिली नाय, पेंटर. नियम झाला की माणूस बघायचं सोडतो. चुकलो तर?" मला वाटलं होतं तू साहेबाला घाबरतोस. तू तर स्वतःच्या हाताला घाबरत होतास.

अर्धांगानं तुझी उजवी बाजू गेली तेव्हा मी माझ्या तीनचाकीवरून आलो. हातानं पायडल मारत येईपर्यंत खांदे भरून आले होते. तू खाटेवर होतास, तोंड एका बाजूला ओढलेलं. पिंपरीच्या दवाखान्यातून आणून तुला घरी ठेवलं होतं. माझ्या कुबड्या दिसल्या आणि तुझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी हसवायला म्हणालो, "भाई, आता तूही माझ्या पाटीत आलास." तू हसलास. अर्ध्या तोंडानं. असं बोलायला नको होतं असं भाभीच्या तोंडावर दिसत होतं, पण तू हसलास ते तिनंही बघितलं.

तुझी भाषा भाभीला कळायची, आणि थोडीफार मला. दर आठवड्याला येऊन मी तुझ्याशी भांडायचो. तू हूं हूं करायचास. मी दोन्ही बाजूंनी बोलायचो, तुझ्याही आणि माझ्याही, आणि तुझी बाजू मी मुद्दाम कच्ची मांडली की तू डावा हात खाटेवर आपटायचास.

या वर्षीच्या जत्रेला सलीमनं तुला खुर्चीत घालून नेलं. आता पाळणा तोच चालवतो. चांगला चालवतो, तुझ्यासारखाच खीळ दोनदा बघतो. तुझी खुर्ची इंजिनाशेजारी होती, माझी तीनचाकी तुझ्याशेजारी. तू मान खुर्चीला टेकवून बराच वेळ वर बघत होतास. मग तू मला खुणेनं जवळ बोलावलंस आणि काहीतरी म्हणालास. मला पहिल्यांदा कळलं नाही. दुसऱ्यांदा कळलं. तुला बसायचं होतं. इतकी वर्षं तू पाळण्यात चढलास ते ग्रीस लावायला, नट आवळायला, पाय बांधून बघायला. नुसता मजेसाठी कधी बसलाच नव्हतास.

मी सलीमला बोलावलं आणि सांगितलं.

त्यानं इंजिन मंद केलं. "चाचा, काय बोलताय? पाटी तुम्हीच रंगवलीय. पंच समोर बसलेत."

"ती जुनी पेटी आण. पट्टे नवे लावू."

"पट्टे कुजलेत, चाचा. पत्रा गंजलाय." त्याचा आवाज खाली आला. "आणि अब्बांचा उजवा हात लागत नाही, मान ठरत नाही. मला अब्बांनीच शिकवलंय, मान ठरत नसेल त्याला बसवायचं नाही. पडले तर मी काय करू? तुम्ही सांगा, मी काय करू?"

रांगेतले लोक ओरडत होते. सलीम रडत होता, इंजिनाकडं तोंड करून, लोकांना दिसू नये म्हणून. तू माझ्याकडं बघत होतास. आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी मी तुझ्याशी भांडलो, तीच गोष्ट आज मी तुझ्यासाठी भांडून मिळवून देईन असं तुला वाटत असणार. मी तोंड उघडलं. पण सलीमचं काही चुकत नव्हतं. तुझंही काही चुकत नव्हतं. मी पंचांकडं गेलो, गर्दीतून तीनचाकी काढत. तोच जुना पंच होता, आता म्हातारा. त्यानं सगळं ऐकून घेतलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "उस्मानला च्या पाजू का आपन?"

मी परत आलो. तू ओळखलंस. डाव्या हातानं माझी बाही धरलीस आणि काहीतरी म्हणालास. एकच शब्द. मी कान जवळ नेला. इंजिनाचा आवाज होता. "पुन्हा बोल," म्हणालो. तू पुन्हा बोललास. कळला नाही. तिसऱ्यांदा तू नुसता श्वास सोडलास आणि बाही सोडलीस. भाभी असती तर तिला कळला असता. नंतर मी तिला विचारलं, तिनं तुला विचारलं, तू डोळे मिटून घेतलेस. तो शब्द काय होता, उस्मानभाई? शिवी होती का? ती असली तर मला चालेल.

तू गेलास त्या सकाळी सलीमनं माणूस पाठवला. मी आलो तेव्हा अंगण भरलं होतं. तुझे मोहल्लेवाले, वर्कशॉपची पोरं, आमच्या गावचे पंच, सगळे. जनाजा उचलायला लोक पुढं झाले. मीही पुढं झालो, पण खांदा द्यायचा तर दोन्ही हात कुबड्यांवर. एका शेजाऱ्यानं मला प्रेमानं बाजूला घेतलं. "चाचा, तुम्ही घरीच थांबा. कबरस्तानाला चढ आहे. चिखल आहे. तुमची गाडी नाही जाणार तिथं." वाईट बोलला नाही तो. माझ्या भल्याचंच बोलत होता.

जनाजा भराभर निघाला. तुमच्यात मयताला थांबवत नाहीत, झपाझप नेतात. मी तीनचाकी जनाज्यामागं घातली. जोर लावून पायडल मारत होतो आणि तू पुढं पुढं जात होतास. कोपऱ्यावर तुझ्यावरची हिरवी चादर दिसली, मग तीही दिसेनाशी झाली. चढ आला तिथं चाकं रुतली. गाडी तिथंच टाकली आणि कुबड्यांवर निघालो. कुबडीचं टोक मातीत घुसायचं, उपसून काढायचं, मग पुढचं. लोक परतायला लागले होते. येणारे बाजूला होऊन मला वाट देत होते, कुणी सलाम करत होते.

मी पोचलो तेव्हा माती ओढून झाली होती. कडेला पाणी शिंपडलेलं होतं. सलीम एकटा उभा होता.

"चाचा," तो म्हणाला, "मी त्यांना थांबा म्हणलो होतो."

मी म्हणालो, "खाली बसव मला." त्यानं मला काखेत धरून अलगद खाली उतरवलं. कुबड्या बाजूला ठेवल्या. मी माती हातात घेतली आणि टाकली. वर टाकायला नको होती, तुझ्यावर आधीच पुरेशी होती, पण टाकली. तुमच्यात काय म्हणतात ते मला येत नाही, आमच्यातलं तिथं म्हणावं की नाही ते कळेना. मी मातीवर हात ठेवून बसलो.

सलीम म्हणाला, "गाडी चढावरून वर आणतो, चाचा. दोघातिघांना घेऊन येतो. तोवर बसाल?" आणि तो उताराला लागला.

मग आपण दोघंच राहिलो. बराच वेळ गेला असेल. मागं कंपनीचा भोंगा झाला, पहिली शिफ्ट सुटली असावी. जमिनीवरून मला एकट्याला उठता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. सलीम येईपर्यंत मला तुझ्यापासून बाजूला करणारं तिथं कुणी नव्हतं, मी स्वतःसुद्धा नाही. उस्मानभाई, सगळ्या जन्मात पहिल्यांदा मला त्याचं बरं वाटलं.